चार नंबरच्या कपाटाची उत्तरं

दाजी तांडेलांनी तीस वर्षं आमचं वाचनालय सांभाळलं आणि त्यातलं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दाजीही ते लपवत नसत. ते वाचत फक्त प्रस्तावना. ‘वाचकांस विनंती’, ‘दोन शब्द’, ‘ग्रंथकर्त्याचे निवेदन’, मथळा काही असो. पहिला अध्याय सुरू झाला की दाजींनी पुस्तक मिटलंच. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “मास्तर, पुढचा सगळा लिवलेला आसता ता जगासाठी. ह्या पयला तेवढा माका लिवलेला आसता. ‘प्रिय वाचका’ म्हणता मा तो? थंय मीच बसलेलंय. मगे आणि कोणाक म्हणता?”



मालवणच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. १९९८ साली गावचं पोस्ट माझ्याकडे आलं. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी, एक टेबल, एक काटा आणि एक शिक्का. समोर रस्त्यापलीकडे वाचनालय, दोन खोल्यांचं. पोस्टमास्तर झालेल्या माणसाला वाचनालयाच्या समितीवर घ्यायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, का ते कुणाला माहीत नाही. त्यामुळे कागदोपत्री मी दाजींचा वरिष्ठ झालो. प्रत्यक्षात मला पुस्तक हवं असलं तर इतरांसारखंच टेबलासमोर उभं राहावं लागे.

दाजी उंच, किडकिडीत. चष्म्याची एक दांडी मोडलेली, ती जाळ्याच्या सुताने कानामागे बांधलेली. घराणं तांडेलांचं, म्हणजे होडीवर हुकूम चालवणाऱ्यांचं, पण दाजींना दर्या लागायचा. होडी वाळूवरून पाण्यात ढकलली, की ती तरंगायच्या आधी हे ओकायला बसत. बापाने तीन हंगाम वाट पाहिली, मग हात जोडले आणि वाचनालयात माणूस हवा होता तिथे नेऊन बसवलं. “हंय जमीन हलणा नाय,” एवढंच तो म्हणाला म्हणे. भाऊ होडी घेऊन जाई, दाजींची बायको शेवंती ते मासे बाजारात विकी, आणि दाजी पुस्तकांवर शिक्के मारीत.

तो शिक्काही सुखासुखी मिळत नसे. पुस्तक न्यायचं तर आधी त्याची प्रस्तावना ऐकायची, हा दाजींचा नियम. वाचनालयाच्या नियमावलीत तो कुठेही नव्हता. बाकीच्या कपाटांतली पुस्तकं अलीकडची, त्यांच्या प्रस्तावना भारी विद्वान; त्या दाजी भराभर उरकत. पण चार नंबरच्या कपाटातलं कुणी मागितलं की खुर्ची सरसावून बसत. मुंबईत आयुष्य काढलेल्या गावच्या एका गृहस्थांनी मरणाआधी आपली जुनी पुस्तकं गावाला दिली होती, ती सगळी त्या कपाटात. त्यातले लेखक वाचकाशी पाहुण्यासारखे बोलत. एकाने लिहिलं होतं, ‘या पुस्तकातील चुका छापखान्याच्या असून बरोबर मजकूर तेवढा आमचा आहे.’ दुसरा म्हणे, ‘पुस्तक आवडल्यास शेजाऱ्यास वाचावयास देऊ नये, विकत घेण्यास सांगावे.’ एका भाषांतरकाराने तर ‘मूळ ग्रंथ पाहण्याचा योग अद्याप आलेला नाही’ अशी प्रांजळ कबुली देऊन टाकली होती. दाजी हे गंभीर चेहऱ्याने वाचत. आपण हसलो तर थांबत, चष्म्यावरून बघत आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. म्हणून लोक हसू दाबून उभे राहत.

दुपारच्या एसटीचा कंडक्टर धुरी हे दाजींचं गिऱ्हाईक. गाडी गावात दहा मिनिटं थांबे, तेवढ्यात तो पळत येऊन रहस्यकथा बदलून नेई. एके दिवशी त्याने चार नंबरमधली एक जुनी कादंबरी उचलली. दाजींनी चष्मा सारखा केला. “आयक. ‘पहिले तीन अध्याय कंटाळवाणे उतरले आहेत हे आम्ही जाणतो, परंतु वाचकाने धीर सोडू नये, चौथ्यात खून आहे.’”

“दाजी, गाडी सुटाची वेळ झाली.”

“धीर सोडू नये म्हणता तो. आयक पुढे.”

प्रस्तावना चार पानांची होती. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, गाडीतून बायका धुरीच्या नावाने शंख करताहेत, आणि हा बिचारा हात बांधून ग्रंथकर्त्याचे आभारप्रदर्शन ऐकतोय. मी पोस्टाच्या पडवीतून सगळं बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं, कारण माझी टपालाची पिशवी त्याच गाडीत अडकलेली.

चार दिवसांनी धुरी पुस्तक परत घेऊन आला. “दाजी, तुमचो लेखक खोटा बोलता. खून चौथ्यात नाय, पाचव्यात आसा. चौथ्यात नुसतो चंद्र उगावता.”

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच प्रस्तावनेच्या शेवटी लेखकाने लिहिलं होतं की वाचकांनी चुका कळवाव्यात, पुढील आवृत्तीत साभार दुरुस्त करू. खाली स्वतःचा पत्ता. दाजींनी माझ्याकडून एक पोस्टकार्ड घेतलं आणि माझ्याच टेबलावर, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘महाशय, आपल्या निवेदनात चौथ्या अध्यायात खून असल्याचे कळविले आहे. आमचे येथील वाचक श्री. धुरी, वाहक, यांच्या पाहणीप्रमाणे खून पाचव्यात आहे. तरी खून एक अध्याय अलीकडे घ्यावा अथवा निवेदन दुरुस्त करावे. पुस्तक त्यांना पसंत पडले. कळावे.’

ते पुस्तक माझ्या आजोबांच्या लहानपणचं होतं. मी कार्डावर शिक्का मारला. पोस्टमास्तरने पत्त्यावरचा माणूस जिवंत आहे का, हे विचारायचं नसतं.

तेव्हापासून दर शनिवारी एक कार्ड. दाजींनी चार नंबरचं कपाट वरच्या खणापासून घेतलं. प्रत्येक पुस्तक म्हणजे एक पत्र, आणि पत्राला उत्तर न देणं हा माजोरीपणा, असं त्यांचं साधं गणित. ‘आमचे मेहुणे या पुस्तकास प्रथमपासून प्रतिकूल होते’ असं लिहिणाऱ्याला त्यांनी कळवलं, ‘आपले पुस्तक येथे अकरा जणांनी नेले. नऊ जणांनी परत केले. दोघांनी केले नाही, त्यावरून ते चांगले असावे. मेहुणेबोवांस सांगावे.’ आणि एक लेखक होता, त्याने लिहिलं होतं, ‘वाचका, तू कोण, कोठला, मला ठाऊक नाही. दिवा जवळ ओढून वाच. डोळ्यांस जप.’ त्याला दाजींनी लिहिलं, ‘आमच्याकडे आता वीज आहे. डोळे बरे आहेत. चष्मा लागला. आपण काळजी करू नये.’ ते कार्ड मी हातातून खाली ठेवलं नाही. मी त्यांना म्हटलं, आज गर्दी आहे, शिक्का नंतर मारतो. गर्दी कसली, एक कुत्रं होतं पडवीत.

शेवंती मात्र खवळायची. बाजारातून रिकामी पाटी घेऊन येताना पोस्टाच्या पायरीवर टेकायची आणि मला ऐकवायची, “मेल्ल्यांका कार्डां लिवतत! हंय जिती बायल उनातसून येवन बसली, तिका चाय व्हयी काय ता एकदा इचारूचे नाय.” दाजी समोरून हे ऐकत आणि उठून खरंच चहाचं आधण ठेवीत. मग ती म्हणायची, “आता कित्याक? कार्डां लिवा तुमची.”

कार्डं परत येऊ लागली. ‘मयत’. ‘या नावाचे कोणी राहत नाही’. ‘इमारत पाडली’. शहरातल्या कुठल्याशा पोस्टमनने निळ्या शाईत खरडलेलं. नियमाप्रमाणे ती पाठवणाऱ्याला द्यायला हवीत. मी दिली नाहीत. पहिलं दिलं नाही कारण दाजी त्या दिवशी आजारी होते, दुसरं दिलं नाही कारण पहिलं दिलं नव्हतं, आणि मग टेबलाचा खालचा खण भरत गेला. माझ्या नोकरीत मी केलेला हा एकच गुन्हा, पण तो तीन वर्षं चालला. रोज सकाळी टपाल आलं की दाजी रस्त्यापलीकडून नुसती मान वर करीत, मी नुसती मान हलवी, आणि ते आत जात.

एका दुपारी मी आत जेवत होतो. दाजी डिंकाची बाटली शोधायला पडवीत आले आणि त्यांनी तोच खण ओढला. मी बाहेर आलो तेव्हा सगळी कार्डं टेबलावर मांडून ते उभे होते.

“मास्तर, ही माझी कार्डां.”

मी कबूल केलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, वगैरे काहीतरी पुटपुटलो.

“लेखक मेले ता माका ठावक नाय असा वाटला तुमका?” ते खरोखर चकित झाले होते. “पुस्तकार साल छापलेला आसता. तेवा तो तिसाचो धरलो तरी आज किती झालो? माका हिशोब येता मास्तर.”

“मगे लिवतास कित्याक?”

“त्यान माका पत्र लिवल्यान. तेच्या हातीक मी गावलंय उशिरान, ह्यो काय तेचो दोष? म्हणान उत्तर देवचा नाय?”

तीन वर्षं मी ज्या माणसाला दुःखापासून वाचवत होतो त्याला ते दुःख नव्हतंच. मला इतकी लाज वाटली की मी उगाच काट्याची वजनं पुसत बसलो. दाजींनी कार्डं गोळा केली. ती आता ज्या त्या पुस्तकात, प्रस्तावनेच्या पाठीला चिकटवायची, म्हणजे पत्र आणि उत्तर एका जागी राहील, असं त्यांनी ठरवलं. डिंक मागितला. मी अजून ओशाळलेलाच होतो, आणि ओशाळलेला माणूस चेष्टेवर उतरतो. म्हटलं, “सरकारी डिंक हा दाजी, तुमच्या मेल्ल्यांसाठी नाय. घराकडे खळ करा.” त्यांनी ते मनावर घेतलं. शेवंतीकडून मैद्याची खळ करून घेतली आणि शनिवारी कार्ड लिहिणं, रविवारी परत आलेलं चिकटवणं, असा क्रम सुरू झाला.

तेवढ्या वर्षांत उत्तर एकच आलं. मेहुण्यावाल्या लेखकाच्या नातवाचं, टंकलिखित. आजोबा फार पूर्वी वारले असून राहत्या घरावरून भाऊबंदांत वाद चालू आहे, तरी त्यांच्या नावे या पत्त्यावर कसलाही पत्रव्यवहार करू नये, केल्यास परिणामांची जबाबदारी आपणावर राहील. मी ते वाचून घाबरलो. दाजींनी दोनदा वाचलं, घडी घातली.

“रागान लिवल्यान, पण उत्तर दिल्यान मा? घराणा बरा आसा.” आणि तेही त्यांनी खळ लावून पुस्तकात चिकटवलं.

“एक खण रवलो मास्तर,” २००७ सालच्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले. “सगळ्यात खालचो. तेवढो झालो काय मी सुटलंय. मगे कपाटातलो एक माणूस म्हणुचो नाय, की माका कोणी जबाब दिल्यान नाय.”

दाजी वरून खाली येत होते. वाळवी खालून वर येत होती.

जुलैत एका सकाळी त्यांनी खालच्या खणातलं पुस्तक ओढलं आणि हातात मातीचा पापुद्रा आला. कुडाळहून औषध मारणारा माणूस बोलावला. त्याने कपाट ठोकून पाहिलं, वरची दोन पुस्तकं उघडली, प्रस्तावनेच्या पाठीवर नख घासलं आणि दाजींच्या देखतच म्हणाला, “ही खळ कोणी लावलेली? मैदो तो. तेच्या वासाक वरपर्यंत चढली. नायतर खालीच रवती.” मला त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला. खळीचं मी सांगितलं होतं. तसं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, पण ते ऐकायला दाजी तिथे नव्हते. ते आत जाऊन रजिस्टर उघडून बसले होते.

त्याच संध्याकाळी समितीची सभा. अध्यक्ष आबा परब मनाने वाईट नाहीत. बागायतदार माणूस, किडीचं त्यांना कळतं. म्हणाले, “शेजारच्या कपाटाला लागली तर वाचनालय जाईल. परवा औषध मारायचंय, त्याआधी चार नंबरचं कपाट रिकामं झालं पाहिजे. दाजी, तुमचं काही?” दाजी नोकर, त्यांना मत नव्हतं. ते इतिवृत्त लिहीत होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझाही वर गेला. परब बरोबर बोलत होते, काय करू? दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सर्वानुमते ठरले’, आणि सही घ्यायला वही माझ्यापुढे केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, निदान शेवटचा खण घरी न्या. ते म्हणाले, “घरामागल्या मांगरात भावाची होडी वर काडलेली आसा. पावसाळो सरासर ती थंयच. तेच्यात वाळवी घालू?” खरं होतं. आमच्या वाडीत जुलै महिन्यात वाळवीचं पुस्तक कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्या घरात तर पडवीभर टपालाचा कागद. मी माझं घर देऊ केलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

त्यानंतरही दाजी दोनेक वर्षं कामावर होते, येता-जाता दिसत, हात करीत. पण त्यांचं नाव निघालं की मला दिसतात ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे. पावसाने जरा उघडीप दिलेली. रद्दीवाल्याचा टेम्पो वाचनालयाच्या दारात. वरचे खण पोत्यांत भरून झाले होते. त्यातली पुस्तकं दाजींनी स्वतः उचलून दिली, कार्डांसकट, एकही न उघडता. शेवटच्या खणाशी आल्यावर त्यांनी मला हाक मारली. “मास्तर, तेका वाईच चाय घेवक पाठवा.”

मी ड्रायव्हरला चहाला पाठवला. तासभर थांबतो, तो म्हणाला, खाडीच्या पुलावर पाणी चढायच्या आत त्याला जायचं होतं.

दाजी पायरीवर बसले. मी पोतं धरून उभा राहिलो. त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, माती फुंकली, प्रस्तावना वाचली, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. मग पुस्तकाकडे बघून म्हणाले, “पोचला.” आणि माझ्याकडे दिलं. दुसरं. “पोचला हां.” तिसऱ्यात वाळवीने मधोमध बोगदा केलेला, त्यांनी दोन्हीकडचे शब्द जुळवून वाचलं. ‘हे माझे पहिले व बहुधा शेवटचे पुस्तक’ असं काहीतरी होतं. “पोचला. बरा लिवलास.” हे वीस-बावीस वेळा झालं असेल. कार्ड लिहायला वेळ नव्हता, पुस्तकही उरणार नव्हतं, आणि हा माणूस प्रत्येकाला तोंडी पोच देत होता. समोरून शेवंती पाटी घेऊन आली, तिने बघितलं. पाटी खाली ठेवून रस्त्यातच उभी राहिली.

ड्रायव्हर चहा पिऊन आला. पोती बांधायला दोरी काढू लागला.

शेवटी एक पातळ पुस्तक राहिलं. पुठ्ठा शाबूत होता. दाजींनी तो अलगद उघडला. वर ठळक अक्षरात ‘प्रिय वाचका’, अगदी तळाला लेखकाची सही, आणि मधे पानभर नुसती जाळी. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. मागे उलटलं, पुन्हा पुढे. एक तुकडा गळून त्यांच्या लेंग्यावर पडला, तो उचलून वाचायला गेले तर बोटातच त्याची पूड झाली.

“दाजी,” मी म्हटलं. “टेम्पो जातलो.”

त्यांनी माझ्याकडे मान वर केली. चष्म्याआड डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“मास्तर, ह्या माणसान माका कायतरी इचारल्यान आसतला. तेका आता काय सांगू?”

मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून उभा होतो.